मांडीवरचं विमान

भावाने मारलेल्या थापा खऱ्या मानल्या, तर त्या विमानाने एकदा शेजाऱ्यांची दोरीवरची विजार पंखावर घालून आणली होती आणि एका घारीला भर आकाशात वळून पाहायला लावलं होतं. रिमोटवर उडणारं ते खेळण्यातलं विमान मुळात कुणीतरी वापरून टाकलेलं. शेपटीला चिकटपट्टीचे इतके थर, की आत शेपूट उरलंय की नुसती पट्टीच उडते, कळायला मार्ग नव्हता.

भाऊ गेला. मागोमाग त्याचा रिमोटही, आत बॅटऱ्या फुटून, गंजून गेला. उरलं विमान आणि दोघी जणी: पंप-पंख्यांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारी त्याची थोरली बहीण आणि इस्पितळात पाळ्या करणारी त्याची बायको.

थोरलीने दुसरा रिमोट आणला. जोडणी म्हटली तर सोपी. विमानाच्या पोटातल्या, रिमोटचं ऐकणाऱ्या डबीत छोटी पिन खोचायची, बॅटरी लावायची, डबीवरचा दिवा लुकलुकू लागला की बटण दाबून धरत रिमोट चालू करायचा. दिवा स्थिर झाला की ओळख पटली. पण दिवा लुकलुकायचा तो लुकलुकतच राहायचा. रोज संध्याकाळी दोघी सोफ्यावर खेटून बसायच्या. वहिनीच्या मांडीवर विमान, थोरलीच्या मांडीवर रिमोट, आणि दोघींच्या डोळ्यांवर झापड.

सुट्टीच्या दिवशी वहिनीने सांगून टाकलं, "वन्सं, आज भंगारवाला येणार आहे. बोललं तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू. रोज त्याचं मुकं तोंड बघवत नाही मला."

थोरलीचा खांदा ठणकत होता. भांडायला बळ नव्हतं. एवढंच वाटत होतं, की भावाच्या वस्तूंपैकी ही एकच हलणारी. हीसुद्धा गेली तर घरात त्याचे फक्त फोटो उरतील.

"एकदा शेवटचं."

"तुमचं शेवटचं मी कालपण ऐकलं."

पिन खोचली, बटण दाबलं. लुकलुक. पुन्हा लुकलुक. तेवढ्यात खालून भंगारवाल्याची हाक आली. वहिनी उठली आणि विमान तसंच काखोटीला मारून दाराकडे निघाली. थोरलीच्या बोटाला सवयच लागली होती. तिने बसल्या जागी रिमोट बंद केला आणि बटण दाबून पुन्हा चालू केला.

दारात वहिनी थबकली. "वन्सं... लुकलुकायचं थांबलं."

"विझला?"

"नाही. टक लावून बघतोय."

थोरलीने कपाळावर हात मारला. "अगं, मांडीला मांडी लावून बसलो म्हणून ऐकत नव्हतं ते! कानाशी बोंबलल्यावर कुणाला काय कळणार? जरा लांब जायला हवं होतं."

पिन काढून, बॅटरी पुन्हा लावून वहिनी दारातच उभी राहिली. थोरलीने रिमोटवरची काडी हलवली. चिकटपट्टीचं शेपूट कुरकुरलं आणि हललं.

वहिनीने विमान दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाली, "डावीकडे वळवा."

शेपूट उजवीकडे गेलं. काडी पुन्हा डावीकडे, शेपूट पुन्हा उजवीकडेच.

"अगदी तुमचा भाऊ," वहिनी म्हणाली.

"उलटं लागलंय. रिमोटवर बदलता येतं, थांब."

"आज नको. आज जाऊ दे त्याला हवं तिकडे."

खालून पुन्हा हाक आली. वहिनीने दार लोटलं.

"काय सांगू त्याला?" थोरलीने विचारलं.

"सांगा, घरातली माणसं झोपलीत."

आणि सोफ्यावर परत खेटून बसल्या बसल्या दोघी खरोखरच झोपल्या. विमान मात्र समोरच्या कपाटावर, दोघींपासून चांगलं लांब ठेवलं होतं.