कोहळ्याच्या पाल्याचं बक्षीस

तुळसाबाईच्या कवेलूच्या छपरावर पसरला होता तसा कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल नंदनवन वस्तीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. वेल ऐसपैस, बाईचं मन मात्र बोटभर! कोहळी लागायची, पण ती फोडायची पुरुषानं. बाईनं पहिला घाव घालायचा नाही, आणि पोटुशी बाईनं तर फोडताना समोर उभंही राहायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. म्हणून मुलगा मधुसूदन वाडीच्या गोदामातल्या कामावरून रविवारी घरी आला की कोहळं फुटायचं, आणि फुटलं की त्याच्याच ताटात पडायचं. सून गोपिका हिच्या वाट्याला वेलाचा पाला. तोही मीठ-मिरची टाकून उकडलेला, तेलाचा थेंब नाही. सोबत भाकर, तीही सासूनं आपल्या हातानं चतकोर मोडून दिलेली.

गोपिकाला दिवस भरत आले होते. तिला एकच हवं होतं, बाळंतपणाला माहेरी जायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात ती जगावेगळं काय मागत होती? उमरेडकडच्या खेड्यात तिची माय होती, दारात म्हैस होती, भातावर तूप वाढणारा हात होता. इथं तिला उठताबसता भोवळ येई. आणि अलीकडे दिवेलागणीला डोळ्यांपुढं सगळं धुरकट होऊन जाई. उंबरठा दिसत नसे, पायानं चाचपावा लागे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मायले विचार." लग्न झाल्यापासून त्याचं हेच एक उत्तर.

मायला विचारलं, तर तुळसाबाई कडाडली. "तू गेली तं पाणी कोण भरंन? माह्या गुडघ्यायचे हाल दिसत नाही काय तुले?"

दिसत तर खरंच नव्हतं. पण हे सासूला कोण सांगणार!

मग वस्तीतल्या महिला मंडळानं स्पर्धा ठेवली. कमी खर्चात सकस भाजी करून आणायची, बक्षीस स्टीलचा मोठा डबा. डब्याचं नाव ऐकलं आणि तुळसाबाईच्या जिभेवर एकदम मध आला.

"गोपिके, तुह्या हाताले चव आहे वं. तुह्या मायची ती पाल्याची पातळभाजी कर. डबा भेटला तं तुले माहेरी धाडीन. देवाशपथ!"

गोपिकाच्या अंगात बळ आलं. तिनं भावाला, बळीरामला, निरोप धाडला की न्यायला ये. स्पर्धेच्या सकाळी वेलाचे कोवळे शेंडे खुडले, देठांचे दोर सोलून काढले, पानांची लव चोळून घालवली. त्या दिवशी सासूनं तेलाची बुधली पुढं सरकवली, तुरीची डाळ काढली, लिंबूसुद्धा आणलं. लसणाची फोडणी बसली तसं भुकेल्या गोपिकाला राहवेना. तिनं चमचाभर भाजी तळहातावर घेतली.

"उष्टी नोको करू! मंडळाची आहे," सासू ओरडली. गोपिकानं भाजी परत भांड्यात टाकली आणि नुसता तळहात चाटला.

परीक्षक होत्या अरुंधतीबाई, कॉलेजात गृहविज्ञान शिकवणाऱ्या. मन चांगलं होतं त्यांचं, पण चांगल्या मनाची माणसंसुद्धा कधीकधी कसा घात करतात बघा. त्यांनी भाजी चाखली आणि पहिला नंबर देऊन टाकला.

"तुमच्या घरी हे कोण खातं?" त्यांनी विचारलं.

"माही सून. पोटुशी आहे. रोज खाऊ घालतो तिले!" तुळसाबाई पदर सावरत म्हणाली, आणि गोपिकाला दंडाला धरून सगळ्यांपुढं उभं केलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

"भाग्यवान आहेस," अरुंधतीबाई म्हणाल्या. "या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व आहे. गरोदर बाईला तर अमृत. पण नुसता पाला पुरत नाही बरं का. सोबत पोटभर जेवण हवं, डाळ हवी, आणि तेल तर हवंच. तेलाशिवाय ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही."

अमृतापर्यंत तुळसाबाईनं नीट ऐकलं. पुढं ती डब्याचं झाकण उघडून आत पाहत होती.

तेल हा शब्द गोपिकाच्या काळजात रुतला. बाई, मला सांजेला दिसत नाही, असं अगदी ओठांवर आलं. पण डबा मिळाला होता, उद्या दादा येणार होता. आता कशाला सासूची फजिती करून शपथ मोडू द्यायची? ती गप्प बसली. तिथंच चुकलं बिचारीचं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर बळीराम आला. गोपिकाचं गाठोडं दाराशी तयार होतं. तुळसाबाईनं पाहुण्याला पाट दिला, तेल सुटलेली पातळभाजी वाढली, मधे डबा ठेवला.

"पहा बळीरामजी, बहिणीले कसं ठेवून राहिलो आम्ही! कॉलेजच्या बाईनं सभेत सांगतलं, पोटुशीले हे अमृत आहे म्हणून. टाळ्या पडल्या. आता हे सोडून तिले तिकडं नेता, अन् काही कमीजास्त झालं तं जबाबदारी कोणाची?"

"आत्याबाई, तुम्ही शपथ घेतली होती..." गोपिका म्हणाली.

"घेतली नं! पण लेकराच्या भल्यापुढं शपथ काय घेऊन बसली?"

बळीराम बोटं चाटत डब्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, सुटका होती. गोपिकानं ते पाहिलं आणि ती त्याच्या पाटापाशी येऊन बसली.

"दादा, मले घेऊन चाल गा. मले सांजेचं दिसत नाही."

"मंग पाला खात जाय नं! डोळ्याले चांगला आहे म्हणते ती बाई," तो म्हणाला. "गोपे, घरी काय ठेवलं आहे? म्हैस आटली. मायनं खाट धरली. इथं तुले बक्षीस भेटून राहिलं, अन् तू रडते काहून?"

तुळसाबाईनं लगेच वेलावरचं सगळ्यात मोठं कोहळं उतरवलं. घरात आयता पुरुष होता! "तू मागं जाय वं, समोर उभी नोको राहू," तिनं सुनेला बजावलं. मोरीपाशी उभ्या राहिलेल्या गोपिकाला विळ्याचा घाव तेवढा ऐकू आला. अर्धं कोहळं बळीरामच्या पिशवीत गेलं, विहीणबाईसाठी. पिशवी गाठोड्याशेजारून उचलली गेली आणि गाठोडं तिथंच राहिलं.

तो निघाला तेव्हा सांज होत आली होती. गोपिका दारात उभी राहिली. चार पावलांवर भाऊ धुरकटला, मग दिसेनासा झाला. "येतो वं," एवढा आवाज मात्र आला.

"काय रडून राहिली?" सासू आतून म्हणाली. "पाला तोडून आण. दोन जिवांची आहे तू, दोन मुठी जास्त आण."

गोपिकानं हात पुढं केला आणि खाली लोंबलेला वेल चाचपला. कोवळं कोणतं, जून कोणतं, तिला काही दिसत नव्हतं. हाताला लागेल ते ती तोडत राहिली.