पांढरा पट्टा

कुटुंबांसाठी बांधलेल्या रिसॉर्टमध्ये एकट्या माणसाला खोली मागच्या बाजूला देतात. माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. जेवणाच्या हॉलमध्ये सगळी टेबलं चौघांची. मी बसले की वेटर उरलेल्या तीन ताटल्या उचलायचा, तेही इतक्या हळूच, की जणू घरात कोणी गेलंय. गेलंच होतं म्हणा, पण त्याला चार वर्षं झाली.

माझी मुलगी गेली तेव्हा नात नऊ महिन्यांची होती. जावयांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. बाई चांगली आहे. वाईट असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. नात तिलाच आई समजते. मोठी झाली की सांगू, असं दोघांनी ठरवलं आणि मला अट घातली, तोवर एक शब्द काढायचा नाही. त्या बदल्यात वर्षातून एकदा, त्यांच्या सुट्टीत, आठ दिवस मला नात बघायला मिळते. पूर्वी मला 'आई' म्हणणारे जावई आता 'मावशी' म्हणतात. नातीने इथे आल्यापासून माझं नाव 'बारा नंबरच्या आजी' ठेवलंय, खोलीवरून. दुधाची तहान ताकावर.

आल्या आल्या मनगटाला पट्टे बांधले. त्या तिघांना हिरवे, एकाच नंबरचे. मला पांढरा. खेळघरातून मूल न्यायचं तर पट्ट्याचा नंबर जुळायला हवा, असं रिसेप्शनवरच्या बाईने समजावलं. मला काय समजावतेय? तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. आईच्या आणि बाळाच्या मनगटाला एकच नंबर बांधायचा, आणि तो वाचल्याशिवाय बाळ कोणाच्याही हातात द्यायचं नाही, हे मी नव्या पोरींना ओरडून शिकवलंय. नंबर नाही म्हणून बाळ दिलं नाही, तर एका आजोबांनी माझी तक्रार केली होती. या नातीचा पट्टाही मीच बांधला होता, आणि माझ्या मुलीचाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं बोटीने बेटावर गेले आणि नातीला खेळघरात ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर मासिक उघडून बसले, म्हणजे तिच्याकडेच बघत. तासाभराने तिचा कान दुखायला लागला. आधी कुरकुर, मग मोठ्याने रडं. सांभाळणाऱ्या मुलीने दोघांना फोन लावले, लागेनात. मी उठून खेळघराच्या अर्ध्या दाराशी गेले.

"दे तिला माझ्याकडे."

तिने माझं मनगट पाहिलं. "मावशी, तुमचा पट्टा वेगळा आहे. तुम्ही कोण तिच्या?"

पोर कान दाबून हमसत होती. चार वर्षं सांभाळलेली जीभ तेवढ्यात घसरली.

"तिच्या आईची आई."

नात रडायची थांबली. "नाही," ती म्हणाली. "आईची आई आमच्या घराजवळ राहते. तिच्याकडे पोपट आहे. या बारा नंबरच्या आजी."

मुलीने आतून कडी लावली आणि नातीला दारापासून मागे घेतलं. मग तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या ओळखीची होती. तीस वर्षं मीच ती वापरली होती.

"बरोबर केलंस," मी म्हटलं. "आता रुमाल कोमट पाण्यात पीळ आणि कानामागे धर. कानात काही घालू नकोस. आडवी करू नकोस, मांडीवर बसव."

तिने सगळं नीट केलं. नात तिच्या खांद्यावर झोपली आणि मी दाराबाहेर उभी राहिले.

शेवटी फोन लागला, तेव्हा दोघं आले ते धावतच. मुलीने नंबर वाचले, दार उघडलं. नातीला तिच्या आईने उचललं. 'तिच्या आईने' असंच आलं माझ्या तोंडी, मलाही ते कळतंय.

"आई, या आजी म्हणाल्या, त्या तुझी आई आहेत," जागी होत नात म्हणाली.

जावयांचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही शब्द दिला होता," ते हळू आवाजात म्हणाले.

"चुकून म्हणाल्या असतील," त्यांची बायको म्हणाली. तिने नातीला आणखी घट्ट धरलं. मला तिचा राग आला आणि दयाही आली.

नात सोडणारी नव्हती. तिने खांद्यावरून मान वर काढली. "मग तुमची मुलगी कुठे आहे?"

जावई माझ्याकडे बघत होते. पुढचं वर्ष माझ्या उत्तरावर होतं, त्याच्या पुढचंही.

"मला मुलगी नाही, बाळा."

"मुलगा?"

"तोही नाही."

"मग तुम्ही एकट्याच?"

"हो."

तिला माझी कीव आली असावी. तिने हात लांब करून माझ्या गालाला लावला. जावयांनी श्वास सोडला.

"पुढच्या वर्षी डोंगरात जायचं म्हणतोय, मावशी," ते म्हणाले. "याल ना?"

येईन, म्हटलं.