नायकाचा हवालदार

१९८७ साली मी नायकाचा हवालदार झालो. बाहीवर दोनाच्या तीन फिती आल्या. लग्नाची सुट्टी घेऊन भडगावजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर वडिलांचं, म्हणजे आबांचं, तोंड पडलेलं.

"तुले कसाले उतारं रे?" त्यांनी दारातच विचारलं. "बठ्ठा गावले सांगेल शे, पोऱ्या नायक शे म्हनीसन!"

आमच्या गावात हवालदार म्हणजे आठवडी बाजारात काठी आपटत फिरणारा पोलीस. नायक म्हणजे पडद्यावर एकटा दहा जणांना लोळवणारा. मी ओट्यावर बसून अगदी शिपायापासून सुरुवात केली. मग लान्स नायक, नायक, त्याच्यावर हवालदार, त्याच्यावर सुभेदार, कर्नल, जनरल आणि टोकाला राष्ट्रपती. दोन वेळा चहा झाला.

"म्हंजे तू चढना," आबा शेवटी म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिका छापून आल्या. त्यांवर ठळक अक्षरांत होतं, 'चि. वना, सैन्यात नायक.' मी भडकलो.

आबा शांत. "बोदवडवालास्नी नायकले पोर देयेल शे. त्यास्ले राष्ट्रपतीपर्यंत कोन सांगत बसी?"

लग्न उरकून पलटणीत परतलो. आमच्या सुभेदार साहेबांनी पेढा तोंडात टाकला, पत्रिका वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वना, सुट्टीत तुला कुणी उतरवलं?"

"आबांनी, साहेब," मी टाचा जुळवून म्हणालो. "त्यांच्यावर कुणीच नाही."