मागच्या सीटवरची मिश्री

आक्काबाईनं गाडीत मिश्री लावायची सोडली, तेव्हाच बुद्धघोष आप्पांना कळायला हवं होतं.

मिश्रीला दोन्ही हात मोकळे लागतात. एका हातात डबी, दुसऱ्याचं बोट दातांवर. शेळगावहून बारामतीला गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाताना अंथुर्णं मागं पडलं की म्हातारी डबी उघडायची आणि भवानीनगर येईपर्यंत अख्ख्या भावकीची उजळणी उरकायची. गेल्या खेपेला मात्र तिचा एक हात खिडकीवरच्या दांडीला आणि दुसरा पुढच्या सीटच्या पाठीला. भावकीबद्दल अवाक्षर नाही. दवाखान्याच्या दारात उतरली नि म्हणाली, "बुद्धघोषा, माघारी मी एस्टीनं यीन. तुला उगा खोळंबा कशाला?"

आप्पा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. शेळगावची वस्ती कुणाला काय द्यायचं याचा हिशोब फार चोख ठेवते. मास्तरला नमस्कार, सरपंचाला खुर्ची आणि आप्पांना हाक. नमस्कार आणि खुर्ची पदाबरोबर जातात. आप्पांची हाक निवृत्तीनंतर उलट वाढली होती. कुणाचं बाळंतपण असो, कुणाला साप चावो, आधी आप्पांचं दार वाजायचं. वस्तीत नव्या गाड्या आल्या होत्या, पण त्या गाड्यांच्या मालकांना नेमक्या वेळी कामं असायची. आप्पांची पांढरी गाडी जुनी, रंग उडालेली, पण तयार. डिकीत दोन स्टेपन्या, साखळदंड, पाण्याचे कॅन आणि घडीची व्हीलचेअर कायम. शिवाय बारामतीला लेकीकडं जायचं तर गव्हाचं पोतं.

आता त्या गाडीला काहीतरी झालं होतं. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडं जाऊ का उजवीकडं, असा विचार करत पळायची. थोडं वळवावं तर आधी काहीच नाही, मग एकदम जास्त. लासुर्ण्याजवळ उसाच्या जोडट्रॉलीला मागं टाकताना गाडी अशी झुलली की आप्पांचा सदरा पाठीला चिकटला. मागं आक्काबाई होती. तिनं तेवढ्यापुरते डोळे मिटले होते, हे आरशात दिसलं.

आप्पांनी गाडी पिंपळीला गोकुळच्या गॅरेजला न्यायची ठरवली. आदल्या संध्याकाळी त्यांनी नि बायकोनं, तुळसानं, डिकी रिकामी केली. स्टेपन्या, साखळदंड, कॅन, खुर्ची, पायपुसणीसुद्धा ओट्यावर. लेक सासरी पाठवताना अंगावर घालून पाठवायची आणि गाडी गॅरेजला धाडताना अंगावरचं काढून धाडायची, ही आपल्याकडची रीत. गॅरेजवर विश्वास आहे, पण पाने फिरवणाऱ्या पोरांवर नाही.

गोकुळनं जयभीम घातला, चहा मागवला आणि गाडीला प्रदक्षिणा घालत सुरुवात केली. चाकांतली हवा बघितली. गाडी उचलून पुढची चाकं वरखाली, आडवीतिडवी हलवली. आप्पांना स्टेअरिंग इकडंतिकडं डोलवायला सांगून स्वतः खाली सरकला नि सांध्यासांध्यावर हात ठेवून बघितलं. एक सांधा जरा सैल निघाला, तो बदलला. चाकांची अलाइनमेंट करून आणली. मग आप्पांना शेजारी बसवून सणसर रस्त्याला गाडी पळवली, एका बोटावर.

"बघा आप्पा. रेल्वे हाय रेल्वे."

गाडी खरंच सरळ जात होती. आप्पांना बरं वाटायला हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी लेकीला, करुणाला, पोतं पोचवायला निघाले आणि बेलवाडीच्या पुढं गाडी पुन्हा विचार करायला लागली. त्यांनी गोकुळला फोन लावला.

गोकुळ म्हणाला, "आप्पा, राग मानू नका. पुढचं सगळं माज्या हातानं बघितलंय. गाडीत कायबी न्हाय. वय झालं की हात जरा ढिले पडत्यात. माज्या म्हाताऱ्याचंबी तसंच झालतं."

आप्पा त्या दिवसापासून हात बघू लागले. चहाचा कप उचलताना डाव्या हाताचं बोट थरथरतं का? कधी थरथरायचं, कधी नाही, आणि बघत राहिलं की हमखास. तुळसा शेजारी गेली की ते तिच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढून दोरा ओवून बघत. ओवला की तासभर बरं वाटे. एकदा दोरा तीनदा फुटला, तर त्या दिवशी दाढीसुद्धा केली नाही. डॉक्टरला दाखवायचं धाडस नव्हतं. डॉक्टर काही सांगतो, आणि सांगितलेलं परत घेता येत नाही.

तुळसानं डब्यातली सुई ओवलेली बघून विचारलं, "माजी सुई कोण ओवतंय?"

"मी. तुला दिसत न्हाय म्हनून."

"मला दिसतंय. तुमाला काय दिसंना झालंय?"

ते उठून ओट्यावर गेले. वस्ती गप्प बसली, हे जास्त वाईट. त्या पंधरवड्यात दार एकदाही वाजलं नाही. वस्तीतल्या भीमाचा नातू तापानं फणफणला, तो मोटरसायकलवर मधे बसवून नेला. आप्पांची गाडी समोर उभी असताना.

गोकुळनं करुणाच्या कानावर घातलं असावं. ती बारामतीला कॉलेजात शिकवते. रविवारी एस्टीनं आली. जेवण झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "आप्पा, गाडी मी घेऊन जाते. तुम्हाला कुठं जायचं असलं तर मला फोन करा."

"तू बारामतीत. साप शेळगावात चावतो," आप्पा म्हणाले.

"आणि ट्रॉली लासुर्ण्यात आडवी येते. किल्ली द्या."

किल्ली द्यायला त्यांना फार वेळ लागला. म्हणाले, तुला रस्ता दाखवायला येतो, माघारी एस्टीनं येऊ. ज्या रस्त्यावर ती लहानाची मोठी झाली, तो रस्ता. करुणानं हसू दाबलं. डिकीत सगळं होतं तसं होतं, वर तुळसानं गव्हाचं पोतं चढवलं. गाडी जातेच आहे तर रिकामी कशाला जाऊ द्यायची?

आप्पा सवयीनं पुढं बसायला गेले तर तुळसा आधीच पुढं. "इतकी वर्सं पेशंटासंगं मीच मागं. माजी कंबर मोडली. आज तुमी बसा मागं."

आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर आप्पा पहिल्यांदा बसले. अंथुर्ण्यापर्यंत ते करुणाच्या हातांकडं बघत होते. हात तरुण, घट्ट, सरळ. मग जंक्शन गावाच्या पुढं रस्ता मोकळा लागला, करुणानं वेग घेतला आणि आप्पांच्या बुडाखालची सीट हळूच डावीकडं सरकल्यासारखी झाली. पुढचं टोक सरळच होतं. मागचं निघालं होतं फिरायला.

करुणानं उजवीकडं ओढलं. काहीच नाही. मग एकदम जास्त.

"आप्पा, ही अशी काय करतीये?"

समोरून जोडट्रॉली येत होती, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबत असलेली. आप्पांचा हात आपोआप खिडकीवरच्या दांडीला गेला, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीला. त्या क्षणी त्यांना आक्काबाई कळली. "ओढू नकोस. सरळ धर, पाय काढ, आपसूक येईल," ते म्हणाले.  ट्रॉली पाचटाचा सपकारा देत शेजारून गेली.

करुणानं गाडी कडेला घेतली. तिचे हात थरथरत होते. बापाला आनंद व्हावा असं त्यात काही नव्हतं, पण आप्पांना झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"गाडी मागनं हालती," ते म्हणाले.

"ते मी दिवाळीपास्नं सांगते," तुळसा पुढं बघतच म्हणाली. "मागनं कुनीतरी ढकलतंय म्हनलं, तर तुमी म्हनला पित्त झालंय, आलं खा."

पिंपळीपर्यंत गाडी आप्पांनीच नेली, बैलगाडीच्या वेगानं. गोकुळनं पुढं येऊन आधी पोऱ्याला हाक मारली, "डिकी मोकळी कर रे."

"हात लावायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "अशीच बघ. आणि पुढं न्हाय, मागं बघ."

गोकुळ कुरकुरत पहार घेऊन मागं आडवा झाला. पहार अडकवून इकडंतिकडं दाबली. मग खालून आवाज आला, "आप्पा, जरा गाडी बाजूनं ढकला." आप्पांनी ढकलली. "बास. कळलं."

बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला ग्रीस होतं आणि नजर आप्पांच्या खांद्यापलीकडं. "मागच्या ॲक्सलचा बुश हाय, त्यातलं रबर फाटलंय. वझं पडलं की मागचा सगळा सांगाडा तिरका होतोय. रिकामी असली की गप बसतंय. तुमी आनली तवा गाडी पाव्हण्यावानी सभ्य हुती, मग मला कसं दिसावं?"

"मग माज्या हातांचं काय?"

गोकुळनं आप्पांचे हात बघितले, जणू तेही रॅम्पवर चढवलेत. "हातांचं मी काय सांगू? बुशचं सांगतो. दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील."

तेवढं उत्तर आप्पांना पुरलं नाही. पण त्यावर ते भागवणार होते.

आक्काबाईच्या गुडघ्याची तारीख आली. आप्पा आदल्या दिवशीच जाऊन सांगून आले होते की गाडी दुरुस्त झाली, दोष गाडीचा होता. म्हातारी "बरं झालं" एवढंच म्हणाली. सकाळी ती पिशवी घेऊन रस्त्यावर आली खरी, पण एस्टीच्या थांब्यावर उभी राहिली. आप्पांनी गाडी तिच्यापुढं नेऊन उभी केली.

"कोन चालवनार?" तिनं विचारलं.

"मीच."

ती थांब्याकडं बघत राहिली. एस्टीचा पत्ता नव्हता. तुळसानं आतून मागचं दार उघडलं. "बसा आत्या. मीबी बसलेच की. मला काय जीव नकोसा झालाय व्हय?"

आक्काबाई बसली. एक हात दांडीला, दुसरा सीटच्या पाठीला. अंथुर्णं गेलं. डिकी भरलेली होती, आप्पांनी मुद्दाम भरली होती. ते रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होते, आणि ते काही बरं नव्हतं. लासुर्णं आलं. जोडट्रॉली दिसली. आप्पांनी स्टेअरिंग नुसतं सरळ धरलं. गाडी सरळ गेली.

आरशात बघायचा त्यांना धीर होईना. बेलवाडी गेलं. मागून पिशवी चाचपल्याचा आवाज आला, मग पत्र्याच्या डबीचं झाकण उघडल्याचा.

"भीमाच्या सुनेनं काय केलं, कळलं का तुला, तुळसे?" बोट तोंडात असलेल्या आक्काबाईचा आवाज आला.