सुंबरानाची सीडी

भुकूमच्या कुशाबा धनगराचा आवाज गेला तो कायमचा. तंबाखूनं घसा पोखरला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. बिरोबाच्या जत्रेत ढोलावर तासन् तास सुंबरानाच्या, म्हणजे देवाला आठवायच्या, ओव्या गाणारा माणूस, आता भाकर मागायची तरी ताटलीवर बोट वाजवायचा. उरली होती फक्त एक सीडी. कुणा हौशी माणसानं एका जत्रेत माइक लावून त्याचं गाणं भरून घेतलं होतं. ती सीडी कुशाबानं एक दिवस पोराच्या, जालिंदरच्या हातात दिली आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. ऐकव, अशी खूण.

जालिंदरकडं लॅपटॉप होता. रोहित नावाच्या भाडेकरूनं खोली सोडताना दिलेला, जुना, आत विंडोजऐवजी लिनक्स घातलेला. जालिंदर कंपनीची बस चालवायचा. हिंजवडीच्या पोरांची ने-आण करून आपणही थोडे इंजिनिअरच झालो, असं त्याला वाटायला लागलं होतं. सीडी आधी माउंट करायची, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडायची, असं इंटरनेटवर लिहिलं होतं. हा बसला टाइप करत. मशीन म्हणालं, असा फोल्डरच नाही. केला. मग म्हणालं, तुला परवानगी नाही. पासवर्ड घातला. मग म्हणालं, फाइल सिस्टिम चुकीची. इथं अडलं ते अडलंच. चार दिवस झटून शेवटी त्यानं बारशाच्या फोटोंची सीडी घातली, तर ती मुकाट्यानं जोडली गेली, फोटोसुद्धा दिसले. झालं! ड्राइव्ह चांगला, कमांड बरोबर, म्हणजे खोट आबांच्या सीडीतच. गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला.

रोहितला एक फोन करायला काय जात होतं? पण विचारलं तर अडाणी ठरू, याची लाज. त्यानं बापाला छातीठोक सांगितलं, "आबा, ही बाद झालीया. काय राह्यलं न्हाई हिच्यात."

कुशाबानं मान हलवली. भातात दाणा भरत होता, पाखरं तुटून पडत होती. त्यानं सीडीला सुतळी बांधली आणि बांधावरच्या काठीला टांगून दिली. वाया गेलेल्या सीड्यांचं सगळे तेच करतात.

दीड महिन्यानं रोहित राहिलेली पुस्तकं न्यायला आला. चहा पिता पिता जालिंदरनं त्याला आपला पराक्रम सांगितला. रोहित हसला नाही.

"भाऊ, गाण्यांची सीडी माउंट करायचीच नसते," तो म्हणाला. "तिच्यात फाइली नसतात. प्लेअर उघडायचा आणि प्ले दाबायचं, बास."

जालिंदर कप तसाच ठेवून शेताकडं पळत सुटला. सीडी होती जागेवर. उन्हापावसानं तिचा चकचकीत पापुद्रा सुटून आला होता, काठीवर आपटून आपटून ओरखडे पडले होते. तरी रोहितनं ती पुसून लॅपटॉपात घातली. आत गरगरली, खरवडली आणि बाहेर आली. तीनदा घातली, तिन्ही वेळा तेच.

बापाला सांगणं भाग होतं. कुशाबा ओट्यावर बसला होता. त्याच्यापुढं उकिडवा बसून जालिंदर म्हणाला, "आबा, सीडी चांगली व्हती. मलाच येत नव्हतं. माझ्यापायी गेली ती." आणि एवढा बाप्या माणूस, त्याला रडू फुटलं.

कुशाबा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पोराच्या गळ्याला बोट लावलं, मग स्वतःच्या कानाला. तू म्हण.

जालिंदरनं तोंड उघडलं. चाळीस वर्षं बापाच्या ओव्यांत वाढलेला. पण बाप गायला उभा राहिला की हा दोस्तांबरोबर जत्रेतल्या पाळण्यांकडं पळालेला असायचा. पहिला शब्द कसाबसा निघाला. पुढचं काही येईना.

कुशाबा कान देऊन वाट बघत राहिला.