नियम क्रमांक चार

शोरूमच्या नोटीस बोर्डावर सात नियम लागले. पहिला बुटांचा, दुसरा नखांचा. चौथा : पुरुष कर्मचाऱ्यांनी दाढी-मिशी ठेवू नये, सोमवारपासून लागू. सातवा : ग्राहकासमोर चेहरा हसरा ठेवावा.

दोन वर्षं दर्यापूरला घरी बसल्यावर अमरावतीतली ही कापडाची नोकरी मिळाली होती. अजून कच्ची. आणि आमच्याकडे बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढत नाही. बाप गेल्यावरच काढतो.

मी मॅनेजर प्राजक्ता मॅडमकडे गेलो. "मॅडम, मिशीवर असा नियम करता येते का?"

"कायद्यात मिशीबद्दल काही आहे का, सागर?"

"नाही."

"म्हणूनच करता येतो."

"पण माझे वडील जिवंत आहेत."

"अभिनंदन."

"मास्क लावला तर?"

"मग हसू कसं दिसणार? नियम सात. सोमवारी मिशी दिसली तर तुम्ही दिसू नका."

सोमवारी न्हाव्यानं वस्तरा उचलून विचारलं, "कवा गेले?"

"नाही गेले."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. "मंग हे पाप मायावर काहून, भाऊ?"

शेवटी खोलीवर मीच काढली. दोनदा कापलं.

अकराला गावचे खुशालराव लग्नाच्या खरेदीला आले. माझ्या ओठाकडे पाहिलं, पिशवी टाकली आणि मला मिठीच मारली. "वामनराव गेले अन् आमाले सांगतलं बी नाही रे!"

"काका, बाबा आहेत."

"असतेतच रे. मनात असतेत." आणि डोळे पुसत ते निघून गेले, बस्ता न बांधता. मी मागे धावू शकलो नाही. जेवणाच्या सुट्टीआधी काउंटर सोडायचा नाही, आणि फोन गेटवर जमा.

दोन वाजता फोन हातात आला, तो आईचाच वाजत होता. "सागर, अंगणात सारं गाव बसलं हाय. लाकडं बी आली. तुये बाबाच त्याइले चहा देत होते. आता जीपनं तुयाकडं निघाले."

बाबा तीनला आले. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, ओठाकडे पाहिलं. मग गिऱ्हाइकासारखे स्टुलावर बसले.

"मांजरपाट दाखव."

मांजरपाट आमच्याकडे प्रेताला लागतो.

"बाबा, माझी नोकरी…"

"मानसं अंगणात उपाशी बसली हायेत. लाकडं आली, कापड राह्यलं. म्हटलं, पोराच्याच दुकानातून घेऊ."

मी तागा काढून उलगडला. "किती देऊ?"

"माया मापानं."

मी मीटरपट्टी त्यांच्या डोक्यापासून धरली. ते मापासाठी उठून ताठ उभे राहिले.

त्यांच्या मागे प्राजक्ता मॅडम वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या ओठांच्या कडांना दोन बोटं लावली आणि वर ओढून दाखवलं.

मी हसलो. मिशी असती तर वरचा ओठ थरथरत होता ते बाबांना दिसलं नसतं.