हिरव्या बोटीमागे

मी सील बोलतेय. कागदावर लाख ओतून मारतात ते सील नव्हे; नेदरलँड्सच्या उत्तरेला, थंड समुद्रातल्या वाळूच्या उंचवट्यांवर राहणारी, मिशाळ तोंडाची. इथले लोक आम्हाला समुद्रातले कुत्रे म्हणतात.

जन्मानंतर चौथ्याच दिवशी वादळात माझी आई हरवली. मी किनाऱ्यावर ओरडत पडले होते. आर्नहेम शहरातून फिरायला आलेल्या भार्गवी आणि श्रीधर या जोडप्याला मी दिसले. श्रीधर मला उचलायला वाकला.

"अरे, हात नको लावूस! आधी सेंटरला फोन कर," भार्गवी म्हणाली.

गाडी येईपर्यंत दोन तास ती दोघं बोचऱ्या वाऱ्यात उभी राहून फिरायला आलेल्या लोकांचे कुत्रे हाकलत होती.

सील वाचवणाऱ्या त्या सेंटरमध्ये मी तीन महिने वाढले. सोडताना माझ्या मागच्या वल्ह्यासारख्या पायाला नारिंगी बिल्ला लावला. भार्गवी मुद्दाम आली होती. "जा गं बाई, सुखी राहा," म्हणत ती पाण्याच्या कडेपर्यंत माझ्यामागे आली. माणसं भली असतात, हे माझ्या मनात तेव्हाच पक्कं बसलं.

पाच वर्षांनी हिरव्या बोटीचा कोळी भेटला. जाळ्यातली उरलीसुरली मासळी तो शिट्टी घालून पाण्यात टाकायचा. बाकीच्या सील इंजिन ऐकताच बुडी मारायच्या. मी मात्र त्याच्या मागे जायचे. पहिलं पिल्लू झालं, तेव्हा त्यालाही घेऊन गेले. मीच नेलं त्याला.

एका दुपारी बोटीवर त्याचा एक मित्र होता.

"या सील जाळी फाडतात, मासळी पळवतात," कोळी त्याला म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या जवळ येत नाहीत. ही येते."

"अरे, बंदी आहे. पकडले गेलो तर?"

"इथं बघतंय कोण?"

त्याने शिट्टी घातली, दोन मासे टाकले. पिल्लू माझ्या पुढे सुळकन गेलं. कोळ्याने खांद्याला रायफल लावली. मला ती काठी वाटली.

एकच आवाज झाला. पिल्लू उलटं झालं आणि त्याच्याभोवतीचं पाणी तांबडं झालं. मी बुडी मारली, पण त्याच्यासाठी पुन्हा वर आले. तेव्हा तो कोळी मला शिट्टी घालत होता. तशीच, रोजच्यासारखी.

दुसरी गोळी माझ्या खांद्यात शिरली. मित्राने त्याचा हात धरला नसता, तर तिसरीही आली असती. पुढे त्याच मित्राने पोलिसांना सांगितलं आणि रायफल जप्त झाली. माझं पिल्लू कुणालाच सापडलं नाही.

जखमी होऊन मी किनाऱ्यावर येऊन पडले, तेव्हा बिल्ल्यावरून ओळखून मला पुन्हा त्याच सेंटरमध्ये आणलं. खबर कळताच भार्गवी धावत आली. "अगं, कुणी केलं हे?" ती वाकली, आणि मी तिच्यावर दात विचकून फुत्कारले. ती मागे सरकली. श्रीधरला म्हणाली, "आपणच हिला माणसाळवलं का रे?" तिचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्यापुरतं सगळ्या माणसांचं तोंड एकच झालं होतं.

आता मी दूरच्या वाळूवर असते. खांदा गारठ्यात ठणकतो. यंदा पुन्हा पिल्लू झालंय. पर्यटकांच्या बोटी येतात, लोक कौतुकाने हाका मारतात आणि ते वेडं मान उंचावून बघतं. मी त्याला पाण्याखाली ढकलते.

आम्हाला बघायला याल, तर लांबूनच बघा. हाक मारू नका. कोणती हाक मायेची आणि कोणती घाताची, हे त्याला कसं शिकवू? मला तरी ते कुठे कळलं होतं?